बेल्ट नवा, खुणा जुळलेल्या, तरी गाडी चढाला मरते

"टायमिंग बेल्ट बदलला आणि तेव्हापासून हे सुरू झालं" असं सांगत गॅरेजला गाडी आली की मी त्यातला 'तेव्हापासून' हा शब्द पहिला पकडतो. इंजिन काल ठणठणीत होतं, आज नाही, आणि मधे फक्त कुणाचा तरी हात फिरलाय. मग दोषही हात फिरला तिथेच शोधायचा. कार्बोरेटर, इंजेक्टर, पेट्रोल पंप यांना कुणी हातच लावला नव्हता, त्यांच्यावर पहिल्याच दिवशी खर्च कशाला?

त्याआधी एक खुलासा. बदललाय तो नक्की टायमिंग बेल्टच ना, म्हणजे पिस्टन जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हे दोन दांडे एका तालात फिरवणारा पट्टा, हे बिलावर बघा. फॅन बेल्ट बदलून "टायमिंग केलं" म्हणणारे भेटतात. जुनी मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका, डस्टर डिझेल या गाड्यांना दात असलेला टायमिंग बेल्ट आहे. स्विफ्ट डिझेलच्या १.३ मल्टिजेटला बेल्ट नाही, चेन आहे. आणि बेल्ट बदलल्यावर सकाळी सकाळी 'चींऽऽ' असा आवाज येत असेल, तर तो टायमिंग बेल्टचा नव्हे. दाताचा बेल्ट घसरून किंचाळत नाही. तो आवाज बाहेरच्या अल्टरनेटरच्या बेल्टचा. काम करताना तो काढावाच लागतो आणि परत बसवताना बऱ्याचदा ढिला राहतो. दहा मिनिटांचं काम आहे, ताणून घ्या आणि विषय संपवा.

गाडी चालूच होत नसेल तर

सेल्फ मारत बसू नका. हे मी फोनवरही पहिलं सांगतो. बऱ्याच इंजिनांमध्ये वर आलेला पिस्टन आणि खाली उघडलेला व्हॉल्व्ह एकाच जागेत येऊ शकतात, ते एकमेकांना चुकवतात ते केवळ बेल्टच्या भरवशावर. बेल्ट दोन-तीन दात चुकला असेल तर सेल्फच्या प्रत्येक फेरीला व्हॉल्व्ह वाकायची शक्यता असते. स्पार्क प्लग काढा, क्रँकच्या मधल्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन त्याच्या फिरायच्या दिशेने हाताने फिरवा. प्लग काढलेले असताना इंजिन एका सारख्या जोराने फिरलं पाहिजे. मधेच टणक अडलं तर तिथेच थांबा. जोर लावून पुढे नेलं तर हेड उतरवायची वेळ येईल.

सेल्फचा आवाजही खूप सांगतो. चांगलं इंजिन 'घुर्र-घुर्र-घुर्र' असं दम घेत फिरतं. व्हॉल्व्ह वाकले असतील तर सेल्फ शिलाई मशिनसारखा हलका फिरतो, त्याला दाबायला काही उरलेलंच नसतं. एखादाच सिलिंडर गेला असेल तर ताल लंगडा पडतो. कान तयार नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावा, सिलिंडर हवा किती दाबतो ते त्यावर पीएसआयमध्ये दिसतं. प्लग सगळे काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चार्ज असताना. साध्या पेट्रोल गाडीला दीडशे पीएसआयच्या पुढे आकडा आला आणि सिलिंडरांमध्ये फार फरक नसला, तर धीर धरा. एक किंवा दोन सिलिंडर शून्याजवळ आणि बाकी ठीक, म्हणजे व्हॉल्व्ह. सगळेच सारखे पण सगळेच कमी, म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, टायमिंग. हा दुसरा प्रकार लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

कॉम्प्रेशन चांगलं आणि तरी गाडी चालू नाही, तर वायरी बघा. क्रँकच्या आणि कॅमच्या सेन्सरचे वायरीचे प्लग काम करताना काढलेले असतात. गाडीच्या कॉम्प्युटरचे दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० आला तर कॅम सेन्सरचं. सेन्सर बदलायच्या आधी त्याचा प्लग 'टक' करून बसलाय का आणि वायर कव्हरखाली चेमटली नाही ना, ते पाहा. पी००१६ हा कोड वेगळा. क्रँक आणि कॅम यांचं एकमेकांशी जमत नाही, अशी थेट तक्रार कॉम्प्युटरच करतोय. बेल्टच्या कामानंतर हा कोड आला तर सेन्सर बदलायला पैसे काढू नका, कव्हर उघडा.

गाडी चालते, पण पहिल्यासारखी नाही

इथे एका दाताचा हिशोब समजून घ्या. क्रँक दोन फेऱ्या फिरतो तेव्हा कॅम एक फिरतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात. समजा कॅमला ४० आणि क्रँकला २०. एक दात चुकला तर कॅम ९ अंश चुकला, आणि क्रँकच्या भाषेत १८ अंश. एवढ्या चुकीने इंजिन बंद पडत नाही. चालतं, आयडलला थोडं थरथरतं, पण ताकद जाते. कॅम मागे पडला असेल तर खालच्या वेगात गाडी उचलत नाही, वरच्या वेगात बरी वाटते. म्हणून सपाट हायवेवर मालकाला शंका येत नाही आणि घाट लागला की दुसऱ्या गिअरमध्ये घाम फुटतो.

आयडलला गाडी थरथरते, पण कॉम्प्रेशन आणि ताकद दोन्ही ठीक, असं असेल तर इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे इंजिन बॉडीला धरणारा आधार, बघा. आपल्याकडच्या आडव्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत बेल्टच्या बाजूचं माउंटिंग सोडल्याशिवाय बेल्ट निघत नाही. ते वाकडं बसलं किंवा बोल्ट अर्धवट आवळला की थरथर थेट स्टिअरिंगमध्ये येते, आणि मालक टायमिंगवर संशय घेत बसतो. एअर फिल्टरचा पाईप, बारीक व्हॅक्यूम नळ्या, अर्थिंगची वायर हेही याच पठडीतलं. सुटलेली नळी फुसफुसते, कान देऊन ऐका.

कव्हरच्या आतून 'गूंऽऽ' अशी वेगाबरोबर वाढणारी गुणगुण म्हणजे बेल्ट जास्त ताणलाय किंवा टेन्शनरचं (बेल्टला ताण देणाऱ्या पुलीचं) बेअरिंग जुनंच ठेवलंय. 'फट् फट्' म्हणजे ढिला बेल्ट कव्हरला लागतोय. थोड्याच दिवसांत कव्हरच्या आत काळी रबराची भुकटी साचली तर बेल्टची कड घासतेय. क्रँकच्या दातांमागे एक वाटीसारखी पत्र्याची चकती काही इंजिनांत असते, ती उलटी बसली की हेच होतं. बेल्टवर तेल दिसलं तर सील गळतंय, बेल्ट पुसून चालणार नाही. आणि ज्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो तिथे पंप बदलल्यानंतर गाडी तापायला लागली, तर आधी कूलंटमधली हवा काढा.

जुन्या डिझेलवाल्यांनी आणखी एक बघायचं. इंडिकासारख्या इंजिनात डिझेलचा पंपही त्याच बेल्टवर आहे, म्हणजे बेल्ट बसवताना जुळवायच्या खुणा क्रँक आणि कॅम अशा दोन नाहीत, पंपाची धरून तीन. पंप मागे राहिला तर गाडी सकाळी पांढरा धूर काढते आणि ओढत नाही, पुढे गेला तर लोखंडावर हातोडी मारल्यासारखी ठोकते.

पुन्हा पुन्हा तोच दोष: गुरुजींची झेन

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. एकदा चुकलेला दात सापडतो. पण बेल्ट नीट बसतो, गाडी चार दिवस पळते, परत मरते, परत दुरुस्त होते, परत मरते, हे दुखणं निराळं.

मलकापूरच्या पुढच्या एका गावातले निवृत्त गुरुजी १९९८ची झेन घेऊन आले. कार्बोरेटरची, डिस्ट्रिब्युटरवाली (डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग), पुनर्नोंदणी करून जपलेली. म्हणाले, "मिस्त्री, आंबा घाटात गाडी मरतीया बघा. बेल्ट घातल्यापास्नं तिसरी खेप हाय." एका गॅरेजात बेल्ट बदलला होता आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील गळत होतं म्हणून तेही. चार दिवस गाडी छान. पाचव्या दिवशी दम गेला. त्या मिस्त्रीने कव्हर उघडलं, खुणा तंतोतंत जुळत होत्या, म्हणून डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं. गाडी पंधरा दिवस बरी चालली. परत तेच. मग कार्बोरेटरची साफसफाई, नवं किट, प्लग, वायरी. तिसऱ्यांदा गाडी घाटातच उभी राहिली.

पहिल्या दिवशी मीही फसलो, हे सांगितलं पाहिजे. कव्हर उघडलं, क्रँकच्या गिअरची (बेल्ट ज्यावर चढतो त्या दातेरी चाकाची) खूण बाणासमोर, कॅमची खूण तिच्या खाचेसमोर. दोन फेऱ्या फिरवून परत पाहिलं, परत जुळल्या. गुरुजींना सांगितलं, "टायमिंग चोख आहे, दुसरीकडे शोधू." एक अख्खा दिवस दुसरीकडे शोधण्यात गेला.

दोन गोष्टी मात्र डोक्यातून जाईनात. एक, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला ११५ ते १२०. एकसारखं, पण पडलेलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणावं तर प्लगाच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकूनही आकडा जेमतेम हलला. दुसरी, डिस्ट्रिब्युटर. तो ज्या लांबट खाचेत मागेपुढे फिरतो, त्या खाचेच्या अगदी टोकाला जाऊन बसला होता. चांगल्या इंजिनात तो साधारण मधे कुठेतरी असतो. याला इतका पुढे का ओढावा लागला? डिस्ट्रिब्युटर फिरतो कॅमच्या टोकावर. कॅम मागे पडला की ठिणगीही मागे पडते. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी वेळेवर आणता येते, पण व्हॉल्व्ह उशिरा उघडतात ते उशिराच उघडत राहतात. म्हणजे आधीच्या मिस्त्रीने दुखण्यावर पांघरूण घातलं होतं. मुद्दाम नव्हे, त्याला खुणा जुळलेल्या दिसत होत्या ना.

मग खुणा जुळूनही कॅम मागे कसा? यावर चहा थंड झाला. खुणा कुठे असतात? गिअरवर आणि पुलीवर. पिस्टनवर नसतात. गिअर क्रँकवर बसतो एका छोट्या चावीच्या, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या, आधाराने. ती चावी झिजली आणि गिअरच क्रँकवर मागे सरकला, तर गिअर, बेल्ट आणि कॅम तिघेही एकत्र मागे येणार. आपापसात त्यांचं अगदी जमणार, पिस्टनशी नाही.

म्हणून खुणा बाजूला ठेवल्या आणि पिस्टन विचारला. पद्धत कुणालाही जमेल अशी आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून आत लाकडी काडी सोडायची (स्क्रूड्रायव्हर नको, भोक तिरकं असलं तर तो अडकून घोळ होतो). इंजिन हाताने फिरवत काडी सगळ्यात वर येते ती जागा बघायची. पण त्यावर विसंबायचं नाही, कारण माथ्याजवळ पिस्टन क्षणभर हलल्यासारखा वाटतच नाही, दहा-पंधरा अंशांची चूक सहज होते. त्यापेक्षा काडी माथ्यापासून १० मिलिमीटर खाली असताना, वर येताना, पुलीवर व्हाइटनरचा एक ठिपका द्यायचा. तसंच पुढे फिरवत, माथा ओलांडून काडी परत १० मिलिमीटर खाली गेली की दुसरा ठिपका. दोन्ही वेळा त्याच ठरलेल्या जागेसमोर, आणि फिरवायचं एकाच दिशेने. उलटं फिरवलं तर ढिलाई दुसऱ्या अंगाला जाते आणि माप खोटं येतं. दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध खरा माथा.

गुरुजींच्या झेनमध्ये पिस्टन माथ्यावर पोचला तेव्हा गिअरची खूण बाणाच्या जवळजवळ एक दात अलीकडेच होती.

त्यानंतर खात्री करणं सोपं होतं. क्रँकच्या मधल्या बोल्टच्या डोक्यावरून सरळ पुलीवर येईल अशी व्हाइटनरची एक रेघ ओढली. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली आणि पोराला चाक हाताने मागे-पुढे हलवायला लावलं. मी टॉर्च घेऊन रेघेकडे बघत होतो. आधी बोल्ट हलला. रेघ तुटली, ज्वारीच्या दाण्याएवढी. मग पुली हलली. चाक उलटं फिरवलं, परत तसंच. गुरुजींना खाली वाकवून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हंजे घोडा पुढं आणि टांगा मागं."

मधला बोल्ट काढायला मी लांब पाईप आणून ठेवला होता. लागलाच नाही. साध्या पान्याने एका हिसक्यात सुटला. या इंजिनात नुसता बेल्ट बदलायचा असेल तर मधल्या बोल्टला हात लावावा लागत नाही, बाहेरची पुली तिच्या बारीक बोल्टांवर निघते. पण सील बदलायचं तर गिअर काढावा लागतो आणि गिअर काढायचा तर मधला बोल्ट. तो परत हाताच्या अंदाजाने आवळला होता. त्याला १०० न्यूटन-मीटरच्या पुढचा टॉर्क लागतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यायचा, अंदाजाने नाही. लोकांना वाटतं चावीच गिअरला धरून ठेवते. चावी फक्त जागा दाखवायला. धरून ठेवतो तो बोल्टचा दाब. दाब कमी पडला की प्रत्येक सिलिंडरच्या धक्क्याला गिअर केसभर हलतो, आणि मिनिटाला हजारो धक्के.

आत लालसर-तपकिरी भुकटी होती. लोखंड लोखंडावर बारीक घासलं की गंजासारखी अशी भुकटी पडते, ती दिसली की समजायचं हे कालचं नाही. चावीला मधोमध पायरी पडलेली. गिअरची खाच एका अंगाला फाकलेली. क्रँकची खाच नशिबाने वाचली होती, एका कडेला थोडी दबली होती एवढंच.

दुरुस्ती अशी केली. गिअर नवा घेतला. क्रँकच्या खाचेची दबलेली कड बारीक कानशीने साफ केली आणि मापं घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून पायरीची चावी करून घेतली. क्रँकच्या बाजूला किंचित रुंद, गिअरच्या बाजूला नेहमीच्या मापाची. हातात घेऊन दाबली तर घट्ट बसेल अशी, हातोडीने ठोकावी लागेल अशी नाही. क्रँकची खाच जास्त खराब असती तर मी हे केलं नसतं, क्रँकच बदलायला सांगितला असता. वेल्डिंगचा टाका मारून देणारे आहेत. पण पुढचं सील बदलायची वेळ येईल तेव्हा त्या माणसाने काय करायचं? बोल्टचे आटे पेट्रोलने धुतले, नवा बोल्ट घातला, इंजिन फिरू नये म्हणून फ्लायव्हील अडवलं आणि टॉर्क पान्याने आवळला. बेल्ट घालून, हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून, टेन्शनर परत सैल करून स्प्रिंगला आपोआप ताण घेऊ दिला आणि मग आवळला. खुणा पाहिल्या, आणि या वेळी काडीही पाहिली. डिस्ट्रिब्युटर मधे आणून टायमिंग लाइटवर लावला. कॉम्प्रेशन १६५ ते १७०.

तुमची गाडी दुसऱ्या-तिसऱ्यांदा त्याच दुखण्याने परत आली असेल तर याच क्रमाने जा. कॉम्प्रेशन सगळीकडे सारखं पण कमी आहे का? डिस्ट्रिब्युटर असेल तर तो खाचेच्या टोकाला पोचलाय का? स्कॅनरवर पी००१६ येतो का आणि तो पुसल्यावर चार-आठ दिवसांनी परत येतो का? आणि बेल्टबरोबर क्रँकचं सील बदललं होतं का, हे बिलात बघा. या चारातल्या दोनांचं उत्तर 'हो' आलं तर खुणांकडे न बघता काडी घ्या. चावीचं निघालं नाही तर टेन्शनर बघा. त्याचा बोल्ट आपोआप सैल होत असेल किंवा स्प्रिंग थकली असेल तर बेल्ट दात उडवतो. फरक असा, की तिथे खुणा खरोखर चुकलेल्या दिसतात.

त्या दिवसापासून बेल्टचं काम झालं की बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर एक पांढरी रेघ ओढून ठेवतो. पुढचं चाक वळवलं की आतल्या फटीतून ती दिसते, काही उघडावं लागत नाही. गुरुजी परवा ऑइल बदलायला आले होते. आंबा घाटातून रत्नागिरीला दोनदा जाऊन आले म्हणाले. स्वतःच स्टिअरिंग पूर्ण वळवून, धोतराचा सोगा सावरत वाकून बघत होते. रेघ सलग होती.